वसुधारा : उन्हाच्या वेळापत्रकावर चालणारा धबधबा

आम्हा मुंबईतल्या नायगावकरांना धबधबा म्हटलं की पाऊस आठवतो. श्रावणात ठोसेघर नाहीतर भांबवली गाठायचं. होळीपर्यंत त्याच कड्यावर जेमतेम ओल उरते. आमच्या नळाला येणारं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणीही पावसाचंच. म्हणून जूनच्या कोरड्या उन्हात, बद्रीनाथच्या पुढे वसुधारा कोसळताना पाहिला आणि पहिला प्रश्न हाच पडला, की पाऊस नसताना एवढं पाणी येतं कुठून?

बद्रीनाथहून माणा गाव तीन किलोमीटर. तिथल्या भीमपुलावर सरस्वती नदीचा आवाज इतका, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. पुढे पाच-सहा किलोमीटर पायवाट, आधी फरसबंदी, मग नुसते धोंडे. हवा विरळ असल्यामुळे मी दर वळणावर थांबत होते. माण्याच्या एक आजी पाठीवर गवताचा भारा घेऊन सहज पुढे निघून गेल्या.

धार सुमारे ४०० फुटांवरून पडते. इथे अष्टवसूंनी तप केलं आणि पापी माणसाच्या अंगावर हे पाणी पडत नाही, अशी श्रद्धा आहे. कड्याखाली उभं राहिल्यावर दिसतं ते असं : पाणी एकसंध खाली येतच नाही. अर्ध्यावर त्याचे तुषार होतात आणि वारा नेईल तिकडे जातात. डावीकडचे यात्रेकरू कोरडे, उजवीकडचे चिंब. वारा फिरला की उलट. माझ्या तोंडावर गार थेंब आले तेव्हा मी मनापासून हात जोडले.

हे पाणी वरच्या हिमनद्यांचं आणि साचलेल्या बर्फाचं. रात्री वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी धार बारीक असते. ऊन तापलं की दुपारनंतर भरते. हिवाळ्यात ती गोठते आणि माण्याचे लोकही खालच्या गावांत उतरतात.

जायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. एक दिवस बद्रीनाथला मुक्काम करून शरीराला उंचीची सवय होऊ द्या. सकाळी लवकर निघा, खाणं-पाणी सोबत घ्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत आहेत. बर्फ जास्त वितळला तर काही काळ पाणी वाढतं, पुढे मात्र आटत जातं. दरवर्षी पडणारा बर्फ हे व्याज, हिमनदी हे मुद्दल. जोरात कोसळणारी धार पाहून आनंद होतोच, पण ती यातल्या कशावर वाहते आहे, हे आपण विचारायला हवं.