गिनी पिगने प्लास्टिक कुरतडले तर...

पिंजऱ्याची कड, पाण्याच्या बाटलीचे झाकण, लपण्यासाठी ठेवलेले रंगीत घरकुल... घरात गिनी पिग आला, की अशा वस्तूंवर दातांच्या खुणा उमटू लागतात. मुलांना त्याची गंमत वाटते. पण एखाद्या सकाळी घरकुलाचा तुकडाच नाहीसा झालेला दिसतो आणि मनात शंका येते, की याने तो गिळला तर नसेल?

कुरतडणे ही या प्राण्याची खोड नसून गरज आहे. गिनी पिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला तृणभक्षक. त्याच्या तोंडात २० दात असतात आणि ते सर्वच आयुष्यभर वाढत राहतात. चिवट गवत तासन्‌तास चघळल्यानेच ते झिजतात. गवत अपुरे पडले, पिंजरा लहान असला किंवा सोबती नसला, की हा कंटाळलेला जीव समोर येईल ते कुरतडतो.

तातडीने काय करावे?

तोंडातला तुकडा बळजबरीने ओढू नये. काकडीची फोड किंवा कोथिंबिरीची काडी पुढे करावी. प्लास्टिक तो बहुधा आपणच टाकून देतो. मग उरलेले तुकडे जुळवून किती भाग नाहीसा झाला, हे पाहावे. बारीक कण पोटात गेले असतील, तर ते सहसा लेंड्यांवाटे बाहेर पडतात. अशा वेळी भरपूर गवत व स्वच्छ पाणी द्यावे आणि किमान २४ तास त्याच्यावर लक्ष ठेवावे.

गिनी पिगला उलटी करता येत नाही. त्यामुळे उलटी करवण्याचा प्रयत्न व्यर्थ आणि धोक्याचा असतो. माणसांची औषधेही देऊ नयेत. पेनिसिलीन गटातील औषधे पोटात गेल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ते जिवावर बेतू शकते.

मोठा वा धारदार तुकडा, पिशवीचा पापुद्रा किंवा दोरा गिळल्याची शंका असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा. खाणे बंद होणे, लेंड्या कमी वा लहान होणे, पोट फुगणे, पाठीला कुबड काढून बसणे, दात करकरणे ही धोक्याची लक्षणे होत. या प्राण्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. बारा तासांचा उपवासही त्याला महागात पडू शकतो. शिवाय प्लास्टिक क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही. म्हणून गिळलेल्या वस्तूचा उरलेला भाग वैद्यांना दाखवण्यासाठी सोबत न्यावा.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

प्लास्टिकच्या वाडग्याऐवजी चिनी मातीचा जड वाडगा ठेवावा. घरकुल म्हणून छपाई, चिकटपट्टी व पिना नसलेले पुठ्ठ्याचे खोके चालते. प्राण्याला मोकळे सोडण्यापूर्वी विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात; त्यांच्यावरील प्लास्टिकच्या आवरणाखाली मृत्यूच दडलेला असतो. टिमोथीसारखे वाळलेले गवत मात्र अष्टौप्रहर समोर हवे. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने प्रौढ प्राण्याला तो रोज देऊ नये.

हा मुका जीव दुखणे लपवतो. तेव्हा रोज सकाळी त्याने गवत किती खाल्ले आणि लेंड्या नेहमीसारख्या आहेत ना, एवढे पाहण्याची सवय लावून घ्यावी. संकटाची चाहूल तिथेच सर्वांत आधी लागते.