अपुऱ्या दिवसांचे मूल घरी येते तेव्हा

सातमाशे मूल जगते, अठमाशे जगत नाही, हा निवाडा अनुभवी म्हणविणाऱ्या मंडळींच्या तोंडून आजही इतक्या निःशंकपणे बाहेर पडतो, की इस्पितळाच्या जिन्यात उभ्या असलेल्या बापाच्या काळजाचे पाणी व्हावे. हा समज आपलाच आहे असेही नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही त्याचा ऊहापोह आढळतो. वस्तुस्थिती मात्र अगदी उलट आहे. उदरात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा फुप्फुसांना आणि मेंदूला परिपक्वता देत असल्यामुळे, ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांत, इतर परिस्थिती समान असता, आठव्या महिन्याचे मूल सातव्याहून अधिक सुरक्षित असते.

अडीच किलो भरल्याविना मूल घरी नेऊ नये, हा दुसरा आग्रह. पण इस्पितळ मुलाला रजा देते ते केवळ तराजूच्या आकड्यावर नव्हे. ते आपली ऊब आपण राखते काय, तोंडाने दूध घेऊन रोज वजनात भर घालते काय, आणि मध्येच श्वास थांबण्याचे प्रकार बंद होऊन पुरेसे दिवस लोटले काय, याची खातरजमा झाल्यावरच देते. ही खातरजमा झालेले पावणेदोन किलोचे मूल घरी येऊ शकते.

‘पेटीतले’ मूल म्हटले, की घरात दारे-खिडक्या लावून शेगडी पेटविण्याची तजवीज सुरू होते. बंद खोलीतील कोळशाचा किंवा ओवा-धुपाचा धूर कोवळ्या फुप्फुसांना बाधक आहे. आणि पेटीची जागा घेणारी वस्तू तर घरात आधीच असते. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरी, एकेका पेटीत दोन-दोन अर्भके ठेवण्याची पाळी आली असता, डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती मातांच्या उघड्या छातीशी बांधण्यास आरंभ केला. नाइलाजातून निघालेली ही रीत आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास अवलंबावयास सांगते. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ आईच्या स्तनांमध्ये उभे धरावे, त्याचे हातपाय बेडकासारखे दुमडलेले असावेत, मान एका अंगास वळलेली व किंचित वर असावी, म्हणजे श्वास कोंडत नाही. आणि वरून लुगड्याने दोघांना बेताने बांधून घ्यावे. आई थकली तर बापाची छातीही तितकीच उबदार असते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे, कारण ते सोयीस्कररीत्या विसरले जाते. बाळ गारठले की नाही, हे उपड्या हाताने कळते: पोट ऊबदार पण तळपाय गार लागले तर त्याला तत्काळ छातीशी घ्यावे, दोन्ही गार लागले तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा.

आईचे दूध पातळ, सबब अशक्त मुलाला गुटी नि मध चाटवावा, असे सांगणारे घरोघर भेटतात. वास्तविक अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या मातेच्या दुधात आरंभीच्या आठवड्यांत प्रथिने अधिकच असतात, तर मधातून वर्षाआतील बालकास बॉट्युलिझम हा घातक विकार होऊ शकतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्यास बसू लागतो. तोवर, आणि पुढेही ओढण्यास बळ कमी पडले तर, काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. लोहाचे थेंब मात्र डॉक्टरांनी दिले असल्यास चुकवू नयेत, कारण लोहाचा साठा गर्भ मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांतच करतो.

लसी जन्मतारखेपासून मोजाव्यात. बसणे-रांगणे मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून.

परंतु सर्वांत महाग पडणारा समज सव्वा महिन्याचा आहे. तोवर बाळाला उंबऱ्याबाहेर काढू नये, या रिवाजामागे संसर्गाची रास्त भीती असेलही. तथापि ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि अगदीच लहान मुलाची त्याहूनही आधी, व्हावयास हवी, व ती तारीख नेमकी या सव्वा महिन्यात पडते. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ जन्माने अर्ध्यावर तुटल्यास पुढे त्या वेड्यावाकड्या फुटून पडदा ओढू शकतात, आणि बाहेरून डोळा स्वच्छ दिसत असताच मूल आंधळे होऊ शकते. वेळीच केलेल्या लेझर उपचाराने पुष्कळांची दृष्टी वाचते. गेलेली वेळ मात्र कोणताही उपचार भरून देत नाही. यास्तव इस्पितळ सोडण्यापूर्वी डिस्चार्जच्या कागदावर नेत्रतपासणीची तारीख आहे काय ते पाहावे, नसल्यास मागून घ्यावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या कानावर ती त्याच दिवशी घालावी.