रक्तबिंदूची पारख

कुंभकोणमहून कारैकालकडे जाणाऱ्या वाटेवर तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे, आणि तेथील नीलकंठाच्या लिंगावर कितीही तेल ओतले तरी हालाहलाने पोळलेल्या त्या देवाच्या अंगी ते सारे जिरून जाते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. विद्युत्-रासायनिक जैवसंवेदकाचा विचार करताना मला हे लिंग आठवते ते विरोधामुळे. कारण या उपकरणाच्या इवल्याशा सुवर्णपृष्ठाने रक्तातील झाडून सारी द्रव्ये नाकारावीत व विषाणूची खूण तेवढी धरून ठेवावी, यातच त्याचे कौशल्य आहे.

डेंग्यूचाच दाखला घेऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा जो संच देशभर पुरवला जातो, तो शोधतो ती रोग्याच्या शरीराने घडवलेली प्रतिपिंडे बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास सापडू लागतात. आणि ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत व्हावेत, नेमक्या त्याच घडीस रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रोगी अत्यवस्थ होण्याचे भय असते. विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन मात्र तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात असते.

ते पकडण्यासाठी सोन्याच्या विद्युदग्रावर गंधकाच्या बंधाने त्याला धरणारी प्रतिपिंडे बसवतात, द्रावणात लोहाचे एक संयुग सोडतात व त्याच्या इलेक्ट्रॉनांची ये-जा मोजतात. प्रथिन येऊन चिकटले की ही ये-जा अडते, रोध वाढतो, आणि त्या वाढीवरून प्रथिनाचे प्रमाण कळते. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली साखरेसाठी सुचविलेल्या विद्युदग्राचाच हा वंश. घरोघरचा ग्लुकोमीटरही त्याच कुळातला. पण एक मिलिलिटर रक्तात साखर असते सुमारे एक मिलिग्रॅम, आणि एनएस-१ कित्येकदा तिच्या हजारांशाहूनही कमी. उलट रक्तद्रवाच्या तेवढ्याच मापात अल्ब्युमिन असते ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते सोन्यावर बिनदिक्कत जाऊन बसते. खरी झुंज विजेशी नसून या आगंतुकाशी आहे.

तंजावरच्या शास्त्र विद्यापीठात, ज्याचे एक केंद्र कुंभकोणममध्येच आहे, नॅनोद्रव्यांच्या संवेदकांचे संशोधन चालते. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारून नेत्ररोग्यांची टिपणे चित्रांसह ठेवविली, आणि ती तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. संवेदकालाही रोग्यागणिक राखलेले असेच दप्तर हवे: स्वच्छ द्रावणात यशस्वी ठरलेले पृष्ठ तापकऱ्याच्या रक्तात किती वेळा चुकले, आणि चुकले तेव्हा ताप कितव्या दिवसाचा होता, याचे. ते दप्तर भरल्याखेरीज तिरुनीलक्कुडीसारख्या गावाच्या आरोग्य केंद्रात हे यंत्र ठेवण्याचा हुकूम कोणत्याही सरकारने काढू नये.