तेरवीनंतरचा आधार

लेखमाला : गावाचे मानसिक आरोग्य – लेखांक ६

आत्महत्येने माणूस गमावलेल्या घराला आधार देणे हे आत्महत्या प्रतिबंधाचेच काम आहे, असा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला आणि अशा आधाराला ‘पोस्टव्हेन्शन’, म्हणजे मागे राहिलेल्यांसाठी घटनेनंतर करावयाचे काम, असे नाव दिले. या विचारामागील कारण सरळ आहे : अशा घरातील उरलेल्या माणसांना आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, कारण नेहमीच्या शोकाबरोबरच ‘आपल्याला आधी कसे कळले नाही’ हा अपराधभाव, पोलिसांचे जाबजबाब आणि गावातील कुजबुज हे सारे त्यांना एकाच वेळी सोसावे लागते.

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात हे काम कोणत्या परिस्थितीत करावे लागते, हे पाहणे उद्बोधक ठरते. तालुक्यातील पुष्कळ गावे पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरीचे पाणी पिकाला मानवत नाही अशा प्रदेशात, येत असल्यामुळे तेथील कास्तकाराची कपाशी, तूर आणि सोयाबीन मुख्यतः पावसावरच अवलंबून असतात. कर्जाने मोडलेले घरही या भूमीला नवे नाही. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे या गावी मामांच्या घरी गेले आणि मामांची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली. पुढे कर्ज काढून सण, लग्न किंवा तेरवी करू नये, हे ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत कीर्तनातून सांगत राहिले. तथापि कर्ज हे आत्महत्येचे एकमेव कारण मानणे चुकीचे आहे. नैराश्य, दारू, दुर्धर आजार, घरातील कलह आणि कर्ज यांचा पीळ बहुधा एकत्रच पडलेला असतो.

शासनाची मदत मात्र यांतील एकाच धाग्याभोवती उभी आहे. २००५ पासून लागू असलेल्या योजनेनुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. परंतु त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे थकीत कर्ज असल्याचे दाखवावे लागते आणि त्यानंतर जिल्हास्तरीय समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. नुकतेच वैधव्य आलेल्या स्त्रीला पतीच्या मृत्यूचे कारण कागदोपत्री सिद्ध करावयास लावणारी ही पद्धत शोकाकुल माणसाशी वागण्याची रीत नव्हे, असेच म्हणावे लागते. ‘अपात्र’ या शेऱ्याने पैसा तर जातोच, शिवाय त्या मृत्यूविषयी गावात संशयही उरतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील, शेतकरी पती आत्महत्येने गमावलेल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती.

वेगळा प्रश्न विचारणारी यंत्रणाही याच भागात उभी राहिली आहे. ‘संगाथ’ आणि ‘प्रकृती’ या संस्थांच्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन झोप, भूक, उमेद आणि जगण्याविषयीचे विचार यांची चौकशी करीत, गरजेनुसार समुपदेशकाकडे आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील पाहणीनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राज्य शासनाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’नेही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीकडे अशीच चौकशी सोपवली. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. आपुलकीने विचारल्यास बोलणाऱ्याला बहुधा हायसेच वाटते.

मागे राहिलेल्या घरासाठी हीच चौकशी दीर्घकाळ चालू राहावी लागते. तेरवीपर्यंत ओसरीवर सोयरेधायरे असतात, भाऊबंद स्वयंपाक पाठवतात आणि शोकाला एक रीत असते. त्यानंतर घर रिकामे होते आणि नेमके तेव्हाच तलाठ्याकडील फेरफार, बँकेची नोटीस, मुलांची फी आणि पुढची पेरणी हे सर्व एकट्या बाईपुढे येते. म्हणून आशाताईची किंवा बचत गटातील शेजारणीची फेरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पहिल्या पेरणीला, दिवाळीला आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास आवर्जून व्हावयास हवी. तेथे उपदेशापेक्षा गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलू देणे, वारसनोंदीसाठी तहसील कार्यालयात सोबत जाणे आणि अबोल झालेल्या मुलाकडे लक्ष ठेवणे अधिक उपयोगी पडते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध असते, आणि स्वतः संकटात असलेल्यांप्रमाणेच आपले माणूस गमावलेल्यांनाही तेथे बोलता येते.