पायी चालणाऱ्यांसाठीची तरतूद

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज ते स्वारगेट ते हडपसर या मार्गावर देशातली पहिली बीआरटी धावली. बससाठी रस्ता राखून ठेवताना कडेने सायकल मार्ग आणि फूटपाथही बांधण्यात आले. पैसा होता केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा, आणि पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी त्यात निम्मा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा आणि उरलेला ३० टक्के महापालिकेचा असे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्ते वाहनांपेक्षा माणसांसाठी आखावेत, असा आग्रह होता. म्हणजे धोरण होते आणि निधीही होता. तरी त्या काळातल्या अनेक सायकल मार्गांवर आज सलग अर्धा किलोमीटरही सायकल चालवता येत नाही. कुठे मध्येच विजेचा खांब उभा आहे, कुठे पेव्हिंग ब्लॉक उखडले आहेत, कुठे दुचाक्या लावलेल्या आहेत आणि चौक आला की मार्गच संपतो. यावरून ‘लोकांनाच सायकल नको आहे’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो. सरकारने पैसा बांधण्यासाठी दिला. बांधलेले टिकवण्यासाठी आणि एकमेकांना जोडण्यासाठी दिला नाही. दोष निधीच्या घडणीत आहे.

केंद्राचा निधी प्रकल्पाला मिळतो. निविदा निघते, काम होते, किलोमीटर मोजले जातात, पूर्णत्वाचा दाखला जातो आणि योजना संपली की देखभालीचा भार एकट्या महापालिकेवर येतो. मग कधी केबलसाठी खोदाई होते, कधी मलवाहिनीसाठी, आणि बुजवताना डांबरी रस्ता आधी नीट होतो, फूटपाथचा क्रम शेवटी लागतो. अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असली तरी ती वर्षभर जागेवर राहील याची हमी नसते. महापालिकेच्या कारभारात ‘वर्गीकरण’ नावाची सोय आहे : एका कामाची रक्कम मंजुरी घेऊन दुसऱ्या कामाकडे वळवता येते. उड्डाणपुलाचा ठेकेदार बिलासाठी दार ठोठावतो. फूटपाथवरून चालणारी म्हातारी ठोठावत नाही. कुठली रक्कम आधी हलेल हे त्यातच ठरून जाते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा तो आराखडा बव्हंशी कागदावरच राहिला, कारण त्याच्यामागे दरवर्षी हमखास येणारा पैसा नव्हता.

स्पेनमधल्या सेव्हिलचा अनुभव इथे उपयोगी पडतो. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहरात सायकल जवळपास नाहीशी झाली होती. २००६-०७ च्या सुमारास तिथल्या महापालिकेने ऐंशी किलोमीटरचे, मोटारींपासून वेगळे आणि मुख्य म्हणजे सलग जाळे एका झपाट्यात उभारले. खर्च जवळपास तीन कोटी युरो, म्हणजे मोटारींच्या मोठ्या महामार्गाच्या काही किलोमीटरांइतका. काही वर्षांत सायकलच्या रोजच्या फेऱ्या काही हजारांवरून साठ हजारांच्या पुढे गेल्या. आपल्याकडे उन्हाचे कारण पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सेव्हिलचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तुकड्यातुकड्यांनी बांधलेले ऐंशी किलोमीटर आणि जोडलेले ऐंशी किलोमीटर यांचा खर्च सारखाच असू शकतो, उपयोग मात्र नाही.

म्हणून निधी देताना अटी हव्यात. इंग्लंडमध्ये २०२० च्या आराखडा-निकषांनी नुसता पट्टा रंगवून सायकल मार्ग म्हणवणारी कामे सरकारी निधीसाठी अपात्र ठरवली आणि २०२२ मध्ये नेमलेली ॲक्टिव्ह ट्रॅव्हल इंग्लंड ही संस्था स्थानिक परिषदांची कुवत आणि नकाशे तपासू लागली. पण २०२३ मध्ये तिथल्या सरकारने या निधीत मोठी कपात केली. चांगल्या अटींनाही वर्षागणिक बदलणारा निधी पुरत नाही, हे त्यातून दिसले. चेन्नई महापालिकेने २०१४ च्या धोरणात वेगळा मार्ग धरला. वाहतुकीवरच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा चालणे आणि सायकल यांना देण्याचे उद्दिष्ट तिने लिहून ठेवले आणि पुढे अनेक रस्त्यांवर रुंद फूटपाथ झाले. टक्केवारी लिहिलेली असली की निदान ती मोडली हे सांगता येते.

आक्षेप येतो की थोड्या लोकांसाठी एवढा पैसा कशाला. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांचा कामावर जाण्याचा प्रवास नोंदवला गेला. त्यात सुमारे साडेचार कोटी लोक पायी आणि अडीच कोटींहून अधिक सायकलने जात होते. मोटारीने जाणारे एक कोटीही नव्हते. शिवाय बस आणि मेट्रोचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना चालतोच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांतली ३२,८२५ पादचारी होती. ‘रस्त्याचा कर गाडीवाले भरतात’ हेही अर्धवट आहे. वाहनकर राज्याकडे जातो. गल्लीतला रस्ता बऱ्याच अंशी मिळकतकरातून होतो, आणि तो पायी चालणाराही भरतो, भाडेकरू असला तर भाड्यातून. जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. पेठांमधले रस्ते ताणून रुंद होणार नाहीत. पण त्याच रस्त्यांची कड आज फुकट पार्किंगला दिलेली आहे, आणि ती कोणाला द्यायची हा निवडीचा प्रश्न आहे. पथारीवाल्यांना हुसकावून फूटपाथ मोकळे करणे हा तर उपायच नव्हे; २०१४ च्या कायद्याने त्यांनाही हक्क दिला आहे, तेव्हा आराखड्यात त्यांची जागा सुरुवातीलाच आखावी लागेल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित फूटपाथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो असे म्हटले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चालण्या-सायकलीचे रस्ते जोडणाऱ्या ‘हरित सेतू’सह काही कामांसाठी २०० कोटींचे हरित रोखे काढले. या रोख्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात राखून ठेवावे लागतात. कोणत्याही वर्षी ते वर्गीकरणात वळवता येत नाहीत. त्याच कामांच्या देखभालीची रक्कम अशाच राखीव खात्यात ठेवण्याचा ठराव महापालिकेने पहिल्या टप्प्याचे काम पुरे होण्याआधी करावा.