दहाला दहा

एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवायची सोय आली. मग कोण कुठल्या पोर्टवर बसलाय हे सांगायला मायक्रोसॉफ्टनं यूडीपी १४३४ वर एक सेवा ठेवली. पासवर्ड नाही, ओळख नाही. २००२ मध्ये ब्रिटिश संशोधक डेव्हिड लिचफिल्डनं पाहिलं की तिथं एकच बाइट पाठवला, किंमत २, की अख्खी यादी हातात पडते. मग बाकीच्या आकड्यांना काय मिळतं? त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आकडे ओळीनं पाठवत गेला.

४ नं सुरू होणारं लांबलचक पॅकेट मेमरीच्या हद्दीबाहेर सांडत होतं. ८ चीही तीच गत. १० मात्र अगदीच गरीब वाटला: १० पाठवा, सर्व्हर १० परत देतो. 'आहेस का?' 'आहे.' पण यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता कुणी पडताळत नाही. एका सर्व्हरला दुसऱ्याच्या नावानं १० पाठवला तर? देहूत दोन वारकरी 'माऊली' म्हणत एकमेकांच्या पाया पडतात आणि आपापल्या वाटेला लागतात. इथं वाकणं थांबतच नाही. दहाला दहा, त्या दहाला पुन्हा दहा. दोन्ही सर्व्हर त्यातच गुंतलेले, खरं काम खोळंबलेलं. मला तरी तिन्हींत हाच दोष भारी वाटतो. फोडाफोडी काहीच नाही, सगळं नियमाप्रमाणे.

२४ जुलै २००२ ला तिन्हींवर पॅच आला. पुढच्याच आठवड्यात लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत लिचफिल्डनं ४ चं प्रात्यक्षिक दाखवलं.

२५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे अकरा. ३७६ बाइटची स्लॅमर नावाची संगणक-अळी त्याच ४ च्या वाटेनं सुटली. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट. दहा मिनिटांत सापडण्याजोग्या सर्व्हरपैकी नव्वद टक्के, निदान ७५ हजार मशीन, तिच्या ताब्यात. डेटाला हात लावला नाही, नुसत्या गर्दीनं लाइनी तुंबवल्या. दक्षिण कोरियाचं इंटरनेट बसलं, बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली, सिअ‍ॅटलजवळ ९११ या आणीबाणी सेवेचे कर्मचारी कागद-पेनावर आले.

अळीत लिचफिल्डच्या नमुना कोडचा साचा निघाला. असा कोड जाहीर करावा का, असा प्रश्न त्यानं स्वतःलाच विचारला. मी दोष त्याला देणार नाही. पॅच सहा महिने पडून होता. शिवाय एमएसडीई नावाची याच सर्व्हरची फुकट आवृत्ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटातून येऊन बसायची. आपल्याकडे डेटाबेस सर्व्हर आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो पॅच कशाला शोधेल?