कमी पैशांतल्या टीमची पाच वर्षं

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही गेला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला मिहोयो या चिनी कंपनीचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा गेम आला आणि गाचा या प्रकाराशी आपल्याकडच्या अनेक मुलांची पहिली ओळख झाली. गाचात हवं ते पात्र थेट विकत मिळत नाही, सोडत काढावी लागते. एका सोडतीला, म्हणजे पुलला, प्रिमोजेम या गेममधल्या चलनाचे १६० नग लागतात आणि सर्वात दुर्मिळ, म्हणजे फाइव्ह-स्टार, पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के असते. ९० पुलांत एक फाइव्ह-स्टार नक्की मिळतो, पण तो बॅनरवरचाच, म्हणजे त्या सोडतीत जाहीर केलेलाच, असेल याची खात्री पहिल्या खेपेला नसते. नशिबाने पूर्ण पाठ फिरवली तर १८० पुल, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम खर्ची पडतात. हा हिशेब पाहून नवखा खेळाडू समजतो, की खिशात पैसा नसेल तर चांगली टीम उभी राहणार नाही. पुढच्या पाच वर्षांचा अनुभव नेमका उलटा आहे. त्याखालच्या दर्जाची, सहज मिळणारी फोर-स्टार पात्रं निवडून त्यांच्यावरच सगळी मेहनत घालणाऱ्यांचं काही अडलं नाही. या गेममध्ये टंचाई पात्रांची कमी आणि त्यांना वाढवायच्या साहित्याची जास्त आहे.

सर्वात ठळक पुरावा ‘नॅशनल टीम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या टीमचा. शांगलिंग, शिंगचिउ, बेनेट आणि जोडीला चाँगयुन किंवा सुक्रोज. सगळी फोर-स्टार पात्रं. तिची करामत आकड्यांत आहे. शिंगचिउच्या तलवारींनी शत्रू ओला होतो, ओल्या शत्रूवर आग पडली की व्हेपराइझ होऊन मार दीडपट होतो. शांगलिंगचं अग्निचक्र भोवती फिरत राहतं आणि त्याचा प्रत्येक फटका ही दीडपट मिळवू शकतो. दुसऱ्या पात्रांच्या आगीला मधे थांबावं लागतं, तिच्या चक्राला नाही. बेनेटचं वर्तुळ जखमा भरतं आणि हल्ल्याची ताकदही वाढवतं. शांगलिंग तर स्पायरल अ‍ॅबिस या मजल्यामजल्यांच्या आव्हानाचा तिसरा मजला पार केला की फुकट मिळते. पुढे आवृत्ती २.१ मध्ये मासेमारी आली आणि इनाझुमा या प्रदेशात मासे पकडून ‘द कॅच’ हा भाला, तोही पूर्ण सुधारलेला, एक पैसा न देता तिच्या हाती देता येऊ लागला. तिच्यासाठी तो कित्येक महागड्या भाल्यांच्या तोडीचा ठरला.

साहित्याची टंचाई येते रेझिनमुळे; ते खर्चूनच साहित्य मिळतं. आठ मिनिटांना एक रेझिन भरतं, म्हणजे दिवसाला १८०. आर्टिफॅक्टच्या, म्हणजे पात्राला चढवायच्या साजाच्या, एका फेरीला २० लागतात. दिवसाकाठी नऊ फेऱ्या झाल्या की संपलं. साठवणीची मर्यादा सुरुवातीला १२० होती, मग १६० आणि २०२४ मध्ये २०० झाली, पण भरण्याचा वेग तोच राहिला. प्रिमोजेम मोडून जास्तीचं रेझिन घेता येतं, तरी ते महागच. ज्याने पाच फाइव्ह-स्टार काढले आणि पाचही अर्धवट वाढवले, तो चार साधी पात्रं पूर्ण वाढवणाऱ्याच्या मागे राहतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि इथलं अंथरूण रेझिनचं आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये डेंड्रो हे वनस्पतींचं तत्त्व आलं आणि हा मुद्दा आणखी पक्का झाला. डेंड्रो, पाणी आणि वीज एकत्र आले की होणाऱ्या हायपरब्लूमचा मार ठरतो तो घडवणाऱ्या पात्राची लेव्हल आणि एलिमेंटल मास्टरी (अशा मिलाफांचं बळ वाढवणारा गुण) यांवर. क्रिट (अधूनमधून बसणारा जादा फटका) वाढवणाऱ्या आर्टिफॅक्टसाठी महिनोन्‌महिने घासावं लागत नाही. फुकटचा डेंड्रो ट्रॅव्हलर, पाण्यासाठी शिंगचिउ किंवा बार्बरा आणि विजेसाठी कुकी शिनोबू एवढ्यावर काम भागतं. आपल्याकडे याला वेगळंच मोल आहे. भारतात या गेमचा सर्व्हर नाही. पुण्यातून खेळा की पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दमधून, एशिया किंवा युरोप सर्व्हर निवडावा लागतो आणि पिंग (सर्व्हरशी जोडणीतला विलंब) चढा राहतो. अचूक क्षणी चुकवाचुकवी करण्यावर उभी असलेली टीम अशा जोडणीवर कोलमडते. हायपरब्लूमच्या टीममध्ये कुकी जखमा भरत असते, मार आपोआप पडत असतो. चार-दोन बटणं उशिरा लागली तरी निभावतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला असा, की फोर-स्टारलाही नशीब लागतं: शांगलिंगच्या चौथ्या कॉन्स्टेलेशनशिवाय (तेच पात्र पुन्हा निघालं की उघडणाऱ्या सुधारणेशिवाय) तिचं चक्र लवकर विझतं, आणि बेनेट कुणी घरी आणून देत नाही. खरं आहे. पण गेमच्या दुकानात दर महिन्याला बदलणारी दोन फोर-स्टार पात्रं, सोडतींतून जमणाऱ्या ३४ स्टारग्लिटरला एक, अशी मिळतात, आणि फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या लँटर्न राइट उत्सवापासून लियुए या प्रदेशाचं एक फोर-स्टार पात्र निवडून घेण्याची सोय अनेकदा मिळाली. दुसरा आक्षेप जड आहे: शत्रूंचं आयुष्य वाढत गेलं आणि जुनी टीम अ‍ॅबिसच्या बाराव्या मजल्यावर दमू लागली. मान्य. तरी त्या मजल्याची किंमत मोजावी. पहिली काही वर्षं अ‍ॅबिसच्या एका फेरीत नवव्या ते बाराव्या मजल्यांवर मिळून ६०० प्रिमोजेम मिळत, म्हणजे मजल्यामागे १५०. बारावा मजला पूर्ण हातचा गेला तरी एका पुलाइतकंही नुकसान नव्हतं. तेवढ्यासाठी पैसे ओतणं मला पटत नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी माझं भांडण नाही: लोक हिशेबासाठी खेळत नाहीत, आवडत्या पात्रासाठी खेळतात. त्यांनी ते पात्र जरूर घ्यावं. स्वस्त टीमने गेम पुढे सरकत असेल तर त्या पात्रासाठी प्रिमोजेम साठवायला सवड मिळते. घाई झाली की पैसे जातात, आणि किती गेले ते कळतही नाही, कारण रुपयांचे क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम, प्रिमोजेमचे फेट (पुलाचं तिकीट) असा तीन पायऱ्यांचा प्रवास असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका हाच गोंधळ आक्षेपार्ह ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. गेमच्या प्रकाशक कंपनीने दोन कोटी डॉलर भरायचं आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीवाचून सोडत न विकण्याचं कबूल केलं.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले दोन महिने कार्ड जोडूच नये. नवख्यांच्या बॅनरवर दहा पुल आठ फेटमध्ये पडतात आणि पहिल्या दहांत नोएल हे फोर-स्टार पात्र नक्की मिळतं. तिथून सुरू करावं, चार पात्रं ठरवावीत आणि त्यांच्या लेव्हल पुऱ्या होईपर्यंत पाचव्याला रेझिन देऊ नये.